दोन दोर, सोळा माणसं आणि एक खो

सकाळचे 6 वाजून 40 मिनिटं झाली होती. बँकेतून निवृत्त झालेले, माझ्या व्यायामाच्या बॅचमधले 67 वर्षांचे काका व्हिजिटर्स पार्किंगमधल्या एका स्कूटरवर मान खाली घालून बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. त्यांच्या टीमचा पुढचा गडी त्यांनी टाकलेला बॅटल रोप, म्हणजे खांबाला अडकवून वरखाली हलवत लाटा उठवायचा व्यायामाचा जाड दोर, उचलून लाटा मारत होता, कारण शर्यत चालू होती. मी शिट्टी मारून सगळं थांबवलं. काकांना पाणी दिलं, भिंतीला टेकवून बसवलं. दहा मिनिटांनी रंग परत आला, तसे म्हणाले, "काही नाही हो ताई, टीम मागे पडत होती ना, म्हणून जरा जोर लावला."

पन्नास लाटा त्यांनी जवळजवळ एका दमात मारल्या होत्या. श्वास कोंडून धरला होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते रक्तदाबाची गोळी घेतात, मला ते ठाऊक होतं, आणि तरीही तो खेळ मीच बसवला होता. त्याच दिवशी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. श्वास न रोखता, बेताने करा, असं सांगून डॉक्टरांनी परवानगी दिली. शर्यत मात्र त्या दिवसापासून बंद झाली ती कायमची.

हे प्रकरण त्या शर्यतीच्या आधीपासून लिहितेय, कारण चूक त्या सकाळी झाली नव्हती.

बॅच कशी होती

सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत मी आठवड्यातून पाच दिवस सव्वासहा ते सात अशी बॅच घेते. नोंदवहीत 16 नावं. सगळ्यांत लहान 23 वर्षांचा आयटीतला मुलगा, सगळ्यांत मोठे वर सांगितलेले काका. मधे शाळेच्या बसला मुलं सोडायला सातला पळणाऱ्या तिघी आया, एक फार्मासिस्ट, एक शिक्षिका, एक जोडपं, मधुमेह असलेल्या आणि डावा खांदा आखडलेल्या काकू, गुडघेदुखीच्या दोघी. म्हणजे कुठल्याही सोसायटीत असतात तसे लोक. कुणालाही स्पर्धेत उतरायचं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय, नाहीतर पँट बसत नाही, एवढीच कारणं.

मागच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी वर्गणी काढून दोन बॅटल रोप घेतले. दीड इंच जाडीचे, चाळीस फुटी. मधोमध खांबाला वळसा घालायचा, की दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट दोर मिळतो. म्हणजे माणसाच्या मागची जागा धरून एका दोराला साधारण पंचवीस फूट लांब पट्टा हवा. पार्किंगमधल्या दोन खांबांपुढे तेवढा होता. काकांनी पहिल्या दिवशी दोर हातात घेऊन वजन केल्यासारखा झुलवला आणि म्हणाले, "हा तर मोटेचा नाडा!" त्यांचं बालपण विहिरीच्या काठावर गेलेलं. बॅचमधल्या निम्म्या लोकांना मोट म्हणजे काय हे समजावण्यात त्या दिवशीचा वॉर्मअप गेला.

या व्यायामाचं श्रेय अमेरिकेतल्या जॉन ब्रुकफिल्ड यांना दिलं जातं. जाड दोराच्या लाटा मारण्याची पद्धतशीर तालीम त्यांनी बसवली आणि गेल्या वीसेक वर्षांत ती जगभरच्या जिममध्ये पोचली. बॅचसाठी हे साधन का चांगलं, याचं माझं उत्तर साधं आहे: यात उचलून खाली ठेवायचं वजन नाही. थकलात की लाट आपोआप लहान होते. डंबेलसारखं काही पायावर पडत नाही. 67 वर्षांचा माणूस आणि 23 वर्षांचा मुलगा एकाच दोरावर आपापल्या ताकदीने काम करू शकतात.

शकतात. माझ्या बॅचमध्ये महिनाभर तसं झालं नाही.

पहिला महिना: रांग

गणित सांगते. पंचेचाळीस मिनिटांतली वीस मिनिटं दोरासाठी ठेवली होती. दोन दोर, प्रत्येकामागे आठ जणांची रांग. प्रत्येकाने तीस सेकंद लाटा मारायच्या, अदलाबदलीला दहा सेकंद. म्हणजे एक फेरी 5 मिनिटं 20 सेकंदांची. वीस मिनिटांत धड चार फेऱ्यासुद्धा होत नव्हत्या. दर माणशी दोन मिनिटांपेक्षा कमी व्यायाम आणि अठरा मिनिटं रांग. रेशनच्या रांगेत निदान शेवटी साखर तरी मिळायची.

रांगेत लोक काय करणार? फोन काढायचे. कुणाचं दूध आलं नाही, कुणाच्या गाडीला कुणी ओरखडा काढला. पुढे तीस सेकंद दोर हलवणाऱ्या माणसाकडे सगळे बघत राहायचे, आणि तेच त्याला नकोसं व्हायचं. खांदा आखडलेल्या काकू दर वेळी रांगेत मागे सरकत. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की त्या शेवटच्या फेरीपर्यंत हुशारीने सरकत राहतात आणि वेळ संपते.

तेव्हा वाटलं, यात खेळ आणू. टीम करू. मजा येईल.

शर्यत

चार जणांच्या चार टीम. प्रत्येकाने पन्नास लाटा मारायच्या, पळत येऊन पुढच्याला टाळी द्यायची. जी टीम आधी संपवेल ती जिंकली. पहिल्या दिवशी पार्किंग दणाणून गेलं. हसू, आरडाओरडा, सगळं. मी खूश.

दुसऱ्या दिवसापासून लाटा लहान होऊ लागल्या. लाट खांबापर्यंत पोचावी, अशी अपेक्षा असते; पायांत थोडी बैठक, पाठ सरळ, आणि जोर कंबरेतून वर येऊन हातात. पण मोजायचे आकडे होते आणि घाई होती. आयटीतला मुलगा फक्त मनगटं हलवून पन्नास आकडे बारा-पंधरा सेकंदांत उरकायचा. दोर त्याच्या पुढ्यात चार फुटांवर नुसता थरथरायचा, पलीकडचा सोळा फूट दोर गाढ झोपलेला. त्याचं पाहून बाकीचे तेच शिकले. व्यायाम संपला, उरली मोजणी.

मग एकदा एकीने आपले पन्नास होताच दोर चालू लाटेतच सोडून दिला. टोकाची जड मूठ शेजारच्या शिक्षिकेच्या नडगीवर बसली. बोटभर निळा डाग पडला, पण त्या आठवडाभर आल्या नाहीत. गुडघेदुखीच्या दोघींना पळायचंच नव्हतं. टीम आपल्यामुळे हरते म्हणून त्या यायच्या बंद झाल्या. मला त्यांनी कारण सांगितलं पाहुणे आल्याचं. आणि मग तो सोमवार, काका, स्कूटर.

सोळातले नऊ उरले.

मोठी टीम

काकांच्या प्रसंगानंतर मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. शर्यत नाही, पळणं नाही. आठ-आठच्या दोन टीम, पाच मिनिटं, ज्याला जेव्हा जमेल त्याने दोर घ्यायचा, शेवटी टीमच्या लाटांची बेरीज. सात जणांना फोन करून परत बोलावलं. कुणावर दडपण नाही, म्हटलं, आता सगळे येतील.

आले. पण पाच मिनिटं प्रत्येक टीममधले तेच तिघे दोर मारत होते आणि पाच जण टाळ्या वाजवत होते. "चला चला, मस्त!" काकू टाळ्या वाजवण्यात सगळ्यांत पुढे. नऊवारी नेसून स्पर्धेला बोलावलेल्या पाहुणीसारख्या.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. मॅक्सिमिलियन रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. निष्कर्ष 1913 मध्ये छापले गेले. एकटा माणूस ओढतो ती ताकद शंभर टक्के धरली, तर दोघांत प्रत्येकाची 93 टक्के पडते, चौघांत 77, आणि आठ जणांत 49. म्हणजे आठ माणसं मिळून चार माणसांइतकंसुद्धा ओढत नाहीत. यातला काही भाग वेळ न जुळल्याचा: एक जण ओढतो तेव्हा दुसरा दम घेत असतो. पण सगळा तेवढाच नाही. 1974 मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी माणसांचे डोळे बांधले आणि मागे आणखी माणसं ओढत आहेत असं त्यांना भासवलं. प्रत्यक्षात ओढणारा एकटाच होता. तरीही त्याचा जोर कमी पडला. ‘आहेत की बाकीचे’ एवढा विचार पुरला.

माझी आठची टीम म्हणजे रिंगेलमनचा प्रयोगच होता. आणि चौघांची शर्यत म्हणजे त्याच्या उलटं काहीतरी. तिथे काकांनी अंग चोरलं नव्हतं, अंगाबाहेरचं काम केलं होतं. याचंही नाव आहे: कोलर परिणाम. ऑटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या गड्यांकडून वजन उचलून घेतलं. दोघांनी मिळून एक जड दांडा उचलायचा. एक थकला की खेळ संपला. त्यात कमजोर गडी एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला, कारण आपण सोडलं की जोडीदाराचंही संपतं. हा परिणाम सगळ्यांत चांगला दिसला तो दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असताना. काकांमध्ये आणि आयटीच्या पोरात मध्यम अंतर नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचं होतं.

मोठ्या टीममध्ये माणूस लपतो, छोट्या टीमच्या शर्यतीत उघडा पडतो. आम्ही दोन्ही करून बसलो होतो. माझ्या मते खरी गोम टीमच्या आकारात नाही, आपण मोजतो काय यात आहे. वेग मोजला तर लाटा मेल्या. बेरीज मोजली तर बेरीज दमदार लोक भरून देतात. मग तिसरं काय मोजायचं?

खो

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळले आहे. राज्यपातळीवर वगैरे नाही, पण पाठीवर हात पडायच्या आधी मागे पाय वाजलेला कळायचा, इतपत. खो-खोत आठ जण बसलेले असतात, एक पळत असतो, आणि बसलेला माणूस कधीच सुटलेला नसतो. कुठल्याही क्षणी खो मिळू शकतो. रांगेत उभं राहणं आणि खो-खोत बसणं यांत हाच फरक आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्रातले होते, तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही दोन दिवस तोच विषय होता. तरी मला हे सुचायला इतके महिने लागले.

खेळ असा बसला. एका दोराला दोन टोकं असतात, हे आम्ही विसरलो होतो. एक माणूस दोन्ही हातांत दोन टोकं धरतो ही एक पद्धत झाली. एक टोक दोन्ही हातांनी एकाने धरलं आणि दुसरं दुसऱ्याने, तरी लाट होते. त्यामुळे एका दोरावर दोन टीम, दोन दोरांवर चार टीम, प्रत्येक टीममध्ये चार जण. सोळाच्या सोळा कामात. शिवाय एकाच टोकाचं वजन निम्मं, म्हणून थोरांना ते झेपतं.

टीमचा एकच गडी टोक धरून लाटा मारतो. बाकीचे तिघे त्याच्या मागे, हलके पावलं टाकत. चार मिनिटं लाट अखंड चालली पाहिजे. मागचा माणूस पाठीवर हात ठेवून "खो" म्हणतो, बाजूने येऊन आधी आपला एक हात दोरावर घालतो, मग दुसरा. जुना माणूस तोवर सोडत नाही. दोर थांबला, निसटला किंवा लाट अर्ध्या वाटेत मेली, की एक ‘पडझड’. चार मिनिटांत ज्याच्या पडझडी कमी, ती टीम जिंकली. लाटा कुणी मोजायच्याच नाहीत.

आणि दोन मर्यादा. कुणीही दहा सेकंदांच्या आत खो मागायचा नाही, कुणीही वीस सेकंदांच्या पुढे धरून ठेवायचं नाही. कोण किती घेणार, हे टीमने आपसात ठरवायचं.

या दोन मर्यादांनी खेळ बदलला. वीसची मर्यादा आयटीच्या मुलासाठी. तो पन्नास सेकंद मारू शकतो, पण त्याने मारायचं नाही. त्याने मारलं की काकू पुन्हा टाळ्या वाजवणार. दहाची मर्यादा काकूंसाठी. दहा सेकंद त्यांना जमतात, उजव्या हाताने जोर आणि डावा नुसता सोबतीला, आणि त्या दहा सेकंदांत टीम त्यांच्यावर अवलंबून असते. त्या सोडून गेल्या तर दोर पडतो. हे पहिल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी जी ओरड केली, ती मी विसरणार नाही: "अरे खो दे ना, मेले मी!"

सरासरी धरली तर दर माणसाला मिनिटातली 15 सेकंद काम आणि 45 सेकंद विश्रांती. हा आकडा मी योगायोगानेच गाठला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, व्यायामाची सवय असलेल्या तरुण मंडळींना दहा मिनिटं नेमकं हेच प्रमाण दिलं होतं: 15 सेकंद दोन्ही हातांनी लाटा, 45 सेकंद थांबणं. त्यात त्यांच्या हृदयाची गती सरासरीने वयाच्या हिशेबाने काढलेल्या कमाल गतीच्या 86 टक्क्यांवर राहिली, आणि वर 94 टक्क्यांपर्यंत गेली. पंधरा सेकंद ऐकायला कमी वाटतात, म्हणून हे सांगितलं. ते तरुण होते आणि पूर्ण जोराने मारत होते, दोन्ही टोकं धरून. आमच्याकडे एकच टोक, चार-चार मिनिटांचे चार डाव, मधे एकेक मिनिट थांबणं, आणि एक साधा नियम: मारता मारता मोठ्याने आकडे म्हणता आले पाहिजेत. आवाज बंद झाला की मी खो देते. काकांसाठी आणलेला हा नियम आता सगळ्यांना आहे, कारण आकडे म्हणणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही.

पूर्वी वीस मिनिटांत दोन मिनिटंही दोर हातात येत नव्हता. आता चार येतात. एकदम दुपटीहून जास्त.

दोराची चोरी

तिसऱ्या दिवशी एक वेगळीच भानगड. एका टीमचा दोर ढिला आणि लाटा छान, शेजारच्या टीमचा दोर ताणलेला आणि लाट उठेचना. दोर खांबाभोवती नुसता वळसा घालून होता. एका बाजूने लाट मारता मारता मागे सरकलं, की दोर खांबावरून घसरतो आणि दुसऱ्या बाजूची लांबी खातो. ढील गेली की लाट मरते. फार्मासिस्टने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि दोन दिवस कुणाला न सांगता वापरलं. गोळ्या देताना किती अचूक असेल बाई!

उपाय सोपा निघाला. खांबाला एक पूर्ण वेढा जास्त दिला, म्हणजे दोर सरकेनासा झाला. दोराच्या बरोबर मध्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी खांबाच्या समोर दिसली पाहिजे. बाजूला गेली की ज्याच्याकडे गेली त्याची एक पडझड. खांबाला आधी जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून घेतली, नाहीतर काँक्रीटच्या कडेवर दोर महिन्याभरात झिजला असता. पायांच्या जागाही खडूने आखल्या. कुठे उभं राहायचं याची खूण एकच: हात पुढे केल्यावर दोर जमिनीवर सैल पडलेला दिसला पाहिजे. ताठ असेल तर अर्धं पाऊल पुढे.

ठेका

रोज एकच खेळ चालत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी लेझीम. म्हणजे हातात लेझीम नाही, दोरच. एका दोराच्या दोन टोकांवर दोघं, आणि दोघांच्या लाटा आलटून पालटून: एकाची वर, दुसऱ्याची खाली. चार आकड्यांचा ठेका. बँकेतले काका स्टीलच्या डब्यावर चमच्याने वाजवतात, आणि गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवलेला माणूस आहे तो, हे लगेच कळतं. ठेका धरून लाट मारायला लागलं की वेग आपोआप बेतात राहतो, आणि मनगटी थरथर करणाऱ्यांना मोठी लाट मारावीच लागते, कारण छोटी लाट ठेक्याच्या आधीच संपते. शर्यतीने जे बिघडवलं, ते ठेक्याने दुरुस्त केलं. मला यात सगळ्यांत जास्त आनंद आहे, आणि हा खेळ मी कुठे शिकले नाही. शाळेच्या मैदानावर 26 जानेवारीला लेझीम खेळलेल्या कुणालाही तो सुचला असता.

मुलं सुटीत येतात तेव्हा दोराचा ‘साप’ करतो: दोघं टोकं धरून जमिनीवर दोर आडवा सळसळवतात, बाकीचे ओलांडतात. मोठ्यांनी उड्या मारायच्या नाहीत, पाऊल टाकून ओलांडायचं. एवढंच त्या खेळाबद्दल.

रस्सीखेच नाही

दर महिन्याला कुणीतरी विचारतं: एवढा जाड दोर आहे, तर रस्सीखेच का नाही? मी नाही म्हणते आणि दर वेळी थोडी अप्रिय होते. रस्सीखेच हा खरा खेळ आहे, 1900 ते 1920 पर्यंत ऑलिंपिकमध्येही होता, पण त्याचा दोर वेगळा, जमीन वेगळी, पंच वेगळे. आमचा दोर लाटांसाठी घेतलेला. खांबाशी घासून, काँक्रीटवर आपटून तो आतून किती कमजोर झालाय, हे बाहेरून दिसत नाही. ओढताना लोक हाताला दोर गुंडाळून घेतात, ते तर त्याहून वाईट. 1997 मध्ये तैपेईत हजाराहून जास्त माणसांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोघांचा एकेक हात तुटून पडला. आमची सोळाच माणसं आहेत हे मान्य, पण खाली काँक्रीट आहे आणि मागे गाड्या. गणपतीत मैदानावर, खऱ्या दोराने, हवं तेवढं ओढा.

वरच्या मजल्याचं म्हणणं

दोरांपेक्षा जास्त वेळ खाल्ला तो आवाजाने. दोन्ही हातांनी दोर डोक्यावर नेऊन आपटायचा, ही सगळ्यांची लाडकी हालचाल. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एका सकाळी जिन्यात उभं राहून विचारलं, "सव्वासहाला गोधड्या धोपटता का इथं?" त्यांची बेडरूम बरोबर आमच्या खांबावर. त्यांचं चूक नव्हतं. मी आधी सतरंज्या अंथरल्या. त्या दुसऱ्या दिवशी गोळा होऊन पायांत आल्या. मग जिममध्ये घालतात ते रबरी मॅट घेतले. आवाज निम्मा झाला, पण संपला नाही. गच्चीवर जायचं ठरवलं, तर कमिटीने वॉटरप्रूफिंगचं कारण दिलं. शेवटी आपटणं बंद केलं आणि फक्त लाटा ठेवल्या. रविवारी साडेआठला, सगळे उठल्यावर, दहा मिनिटं आपटायची मुभा. ती दहा मिनिटं कुणी चुकवत नाही.

गृहस्थ अजून बॅचमध्ये आलेले नाहीत. येतील असंही वाटत नाही. जिन्यात भेटले तर मान हलवतात, तेवढं पुरे.

आज कुठे आहोत

सोळापैकी चौदा नियमित येतात. शिक्षिका परत आल्या. जोडप्यातल्या एकाची बदली झाली आणि दोघंही गेली; त्यात दोराचा काही दोष नाही. गुडघ्याच्या दोघी खुर्चीवर बसून टोक धरतात, बसूनही लाट होते आणि खो मिळतो. फक्त मागून येणाऱ्याला खुर्चीच्या बाजूने वळून यावं लागतं, म्हणून त्यांच्या टीमला मी एक पडझड माफ करते. यावर बाकीच्या टीमचा आक्षेप आहे, आणि तो मी ऐकून घेत नाही.

चौदा झाल्यामुळे दोन टीम तिघांच्या आहेत. तिघांत प्रत्येकाला मिनिटातली वीस सेकंद येतात, म्हणजे विश्रांती कमी. त्या टीममध्ये मी दणकट लोक टाकले आणि चौघांच्या टीममध्ये थोर, तेव्हा आयटीच्या मुलाने तक्रार केली, की हे तर शिक्षा केल्यासारखं आहे. त्याला सांगितलं, तुला रोज जिममध्ये जायचं नव्हतं ना, मग हे घे.

एकाला मनगट दुखण्याचा त्रास झाला. तो मूठ फार आवळून धरत होता. पकड ढिली केली, अंगठा वर ठेवून हात मिळवतो तशी धरायला सांगितली, आठवडाभर फक्त ठेक्यावर ठेवला. आता बरा आहे. आखडलेला खांदा दोराने सुटला, असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याचे व्यायाम काकू त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडे करतात. माझ्याकडे त्या दहा सेकंद येतात, कधी बारा.

सध्या वाद वेगळ्याच गोष्टीवर चाललाय. बँकेतल्या काकांचं म्हणणं आहे, की वीस सेकंदांची मर्यादा त्यांना पंचवीस करून हवी. आवाज बंद होत नाही, आकडे खणखणीत म्हणतो, दम लागत नाही, मग का नाही? गेल्या आठवड्यात त्यांनी नोंदवहीच्या मागच्या पानावर रीतसर अर्ज लिहिला, बँकेतल्या भाषेत, ‘विनंतीपूर्वक सादर’ असं लिहून, आणि खाली टीममधल्या तिघांच्या सह्या घेतल्या. काकूंची सही सर्वांत वर आहे. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आहे. तोवर वीसच.